दिव्याला न दिसणारी गाडी

एनॉक टनिक्लिफ जिथून जाई तिथे मागे भोकं राहत. इंग्लंडमधल्या विनलो गावच्या लेडशम कारखान्यात ही कुणाची निंदा नव्हती, ती कामाची पद्धत होती. रेलकारचा, म्हणजे रुळांवर धावणाऱ्या बससारख्या गाडीचा, कुठलाही भाग, बाकाचा पाय असो, दाराची मूठ असो की टोपी अडकवायची खुंटी, हातात आला की एनॉक तो आधी तळव्यावर तोलून बघायचा, मग कानावरचा खडू काढून त्यावर दोन-तीन गोल आखायचा आणि भोकं पाडायला पाठवून द्यायचा. भोक पाडूनही जो भाग मोडत नाही, त्यातलं तेवढं लोखंड आजवर फुकट प्रवास करत होतं, असं त्याचं म्हणणं. घरातल्या फळ्यांच्या कंसांनाही त्याने भोकं पाडली होती. लग्नाच्या अंगठीला मुळातच भोक असल्यामुळे ती बचावली, असं त्याची बायको इडा पाहुण्यांना सांगत असे.

ह्या वेडाला इतिहास होता. थोरल्या जोसाया लेडशमने बेकरीवाल्यांच्या घोडागाड्या बांधता बांधता, पहिल्या महायुद्धानंतर, लष्कराच्या एका मोडीतल्या लॉरीला रेल्वेची चाकं लावली. ती चालली, ह्याचं सर्वांत जास्त आश्चर्य त्यालाच वाटलं. मग त्याने पेरू, बर्मा, काठियावाड अशा लांबलांबच्या रेल्वेंना पत्रं धाडली. त्यांना वाफेचं इंजिन परवडत नव्हतं आणि त्यांच्या पुलांना ते पेलवत नव्हतं. बसच्या इंजिनावर चालणारी, एकट्या ड्रायव्हरने हाकायची गाडी त्यांना हवी होती, आणि ती जितकी हलकी तितकी बरी. तेव्हापासून लेडशमकडे हलकेपणा हा धर्म झाला, आणि धर्माबरोबर सण आलाच. गाडी तयार झाली की सगळं काम थांबवून ती अंगणातल्या वजनकाट्यावर ढकलत आणायची. आराखड्यात लिहिलेल्या वजनापेक्षा ती हलकी भरली, तर लेडशम घराण्याने झाडून सगळ्या माणसांना ओटची गरम धिरडी खिलवायची, आत चीज आणि बेकन घालून. जड भरली तर सगळ्यांनी मुकाट्याने परत कामाला लागायचं. अशा व्यवस्थेत माणसं श्रद्धा सोडत नाहीत.

एनॉक शाळा सोडल्यासोडल्या सुतारांच्या हाताखाली लागला होता आणि पन्नाशी उलटली तेव्हा जुळणीचा फोरमन होता. त्याच्या हाताखालून बाहेर पडलेली प्रत्येक गाडी ताडपत्रीत गुंडाळून लिव्हरपूलच्या गोदीत जाई आणि तिथून बोटीत. विनलोत त्या गाडीतून प्रवास केलेला एक माणूस सापडला नसता. चॅपलमधले शेजारी त्याला अधूनमधून विचारत, की तुम्ही तिथे नक्की बनवता काय? तो सांगे, रेलकार. ते म्हणत, अच्छा, म्हणजे रेल्वेत आहात. एनॉक ते हसून सोडून देतो असं इडा म्हणायची. तो हसत नसे.

सत्तावन्न साली रेल्वेने जाहीर केलं, की छोट्या लाइनींवर रिकामे डबे ओढत हिंडणारी इंजिनं आता पोसवत नाहीत, हलक्या रेलकार आणून बघू. बारा गाड्या घ्यायच्या होत्या. आधी एक नमुन्याची बांधायची, आणि ती चालवून बघायची ती दुसरीकडे कुठे नाही, विनलो ते ऑक्सेज ह्याच लाइनवर. लेडशमची परदेशी गिऱ्हाइकं तोवर एकेक करून जर्मनांकडे वळली होती. जोसायाचा नातू रुपर्ट लेडशम, जो आता मालक होता, त्याने सगळ्यांना रंगकामाच्या शेडमध्ये बोलावलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं: ही बारा गाड्यांची ऑर्डर मिळाली तर कारखाना चालेल, नाही मिळाली तर नाताळच्या सुट्टीनंतर फाटक उघडणार नाही. माणसांनी एनॉककडे पाहिलं. एनॉकने छताकडे पाहिलं. छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांना भोकं नव्हती, एवढंच त्याच्या लक्षात आलं.

त्याने ती गाडी अशी बांधली, की तशी त्याने आयुष्यात बांधली नव्हती. बाकांच्या नळ्या पोकळ, दारं ॲल्युमिनियमची, काचा पातळ. आराखड्यात साडेअकरा टन होते. काट्यावर ती साडेदहा भरली. रुपर्टने प्रत्येकी दोन-दोन धिरडी जाहीर केली आणि एक म्हातारा जोडारी तोंड भरलेलं असतानाच रडला.

हा सोहळा बघायला जेबेझ क्लूली आला होता. जेबेझ हा विनलो स्टेशनच्या सिग्नल केबिनमधला माणूस, एनॉकचा भिंतीपलीकडचा शेजारी, आणि चॅपलच्या गायकवृंदातला सर्वांत खालचा आवाज. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, एका चाकाला बुटाने ठोकरलं, आणि कुणी विचारलं नसताना मत दिलं.

“फार हलकी केलीस, एनॉक.”

“फार हलकं असं काही नसतं, जेबेझ.”

“तुझ्या पेरूत नसेल. माझ्या केबिनमध्ये दिवा आहे. रुळांतून करंट फिरतो, गाडीची चाकं दोन रुळांना जोडतात, तेव्हा दिवा लागतो आणि मला कळतं, गाडी आली. आमच्या रुळांवर गंज आहे. गंज दाबून चाक रुळाला भिडायला वजन लागतं बाबा.”

“गंज तुझा आहे. तो तू पूस.”

आजूबाजूची माणसं हसली, आणि धिरडी गरम होती, त्यामुळे तो विषय तिथेच राहिला. एनॉकच्या मनात तो आणखी एकदा आला, रात्री, बूट काढताना. जेबेझला कुठल्याही नव्या गोष्टीत खोट काढायची सवयच आहे, असं म्हणून त्याने दुसरा बूट काढला.

चाचणीच्या दिवशी ऑक्टोबरची रिपरिप होती आणि रुळांवर पानं चिकटली होती. पाहुण्यांत नगरसभेचे दोन सदस्य होते, चॅपलचे पाद्री होते, जेबेझची बायको डॉर्कस होती, आणि रेल्वेचे साहेब मिस्टर स्ट्रेची होते, ज्यांच्या शिफारशीवर ऑर्डर अवलंबून होती. स्ट्रेची हे इतके सभ्य गृहस्थ होते, की त्यांना एखादी गोष्ट आवडली की नाही हे त्यांनाही उशिरा कळत असावं. गाडी सुरेख पळाली. हॅगची चढण तिने एका दमात घेतली, आणि एनॉक ड्रायव्हरच्या मागे उभा राहून प्रत्येक खिडकीतून बाहेर बघत होता, जणू विनलो त्याने आजच पाहिलं. परतल्यावर गाडी प्लॅटफॉर्मला लागली, माणसं उतरू लागली, टाळ्या वाजल्या, आणि वरून केबिनची खिडकी उघडली.

“एनॉक, कुठे आहे तुझी गाडी?”

“तुझ्या नाकाखाली उभी आहे.”

“मला दिसते रे,” जेबेझ म्हणाला. “माझ्या दिव्याला दिसत नाही.”

मंडळी केबिनच्या जिन्यावरून वर गेली. दिवा विझलेला होता. मिस्टर स्ट्रेचींनी दिव्याकडे पाहिलं, खिडकीतून गाडीकडे पाहिलं, परत दिव्याकडे पाहिलं. मग ते अत्यंत सौजन्याने म्हणाले, की ह्या दोघांपैकी कुणावर विश्वास ठेवायचा हे नियमात दिलेलं आहे. दिवा विझला असेल तर प्लॅटफॉर्म रिकामा, आणि रिकाम्या प्लॅटफॉर्मवर दुसरी गाडी घेता येते. पाद्री अजून गाडीतच बसून बन खात होते.

एनॉकने सगळ्यांना पुन्हा गाडीत बसवून बघितलं. दिवा लुकलुकला आणि लागला. मग एकेकाला उतरवलं. डॉर्कस क्लूली उतरली की दिवा विझे, चढली की लागे. हा शोध तिच्या नवऱ्याने खिडकीतून मोठ्याने जाहीर केला नसता तर बरं झालं असतं. त्या घरात त्या आठवड्यात जेवण थंडच वाढलं जात होतं, असं इडाने भिंतीपलीकडून ऐकलं.

“तुमची गाडी उत्तम आहे,” मिस्टर स्ट्रेची निघताना रुपर्टला म्हणाले. “फक्त आमच्या दृष्टीने ती तिथे नव्हती.”

एनॉकला दोन रात्री झोप लागली नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्याने उपाय काढला. गाडीच्या पोटाखाली तारांचा ब्रश लावायचा, तो रुळावरचा गंज खरवडत जाईल आणि चाकं स्वच्छ रुळावर टेकतील. उपाय वाईट नव्हता. मिस्टर स्ट्रेचींनाही तो पटला आणि त्यांनी पुन्हा लाइन मोकळी करून दिली. पहिल्या दोन स्टेशनांत दिवे लागले. तिसऱ्याच्या आधी ब्रश तुटला आणि त्याचे तुकडे कुणाच्या तरी कोबीच्या शेतात जाऊन पडले. एनॉक रुळांच्या कडेने चालत गेला आणि ब्रशचा दांडा घेऊन आला. दांडा त्याने स्वतः केला होता. त्याला पाच भोकं होती, आणि तो बरोबर तिसऱ्यापाशी मोडला होता. ते त्याने कुणाला दाखवलं नाही. दांडा कोटाच्या आत घालून तो घरी आला.

नवा, भक्कम ब्रश करून द्यायला त्याला एक आठवडा हवा होता. स्ट्रेची म्हणाले, ब्रशचा विचार आता समितीपुढे न्यावा लागेल, समिती वसंतात बसते, आणि ऑर्डर मात्र नाताळच्या आधी द्यायची आहे. तोवर सोपा मार्ग म्हणजे गाडीत वजन घालायचं. चार टन पुरेत. रेल्वेने त्यासाठी आपल्या गोदामातले ओतीव लोखंडाचे ठोकळे उसने देण्याचीही तयारी दाखवली. ह्या उदारपणाबद्दल रुपर्टने आभार मानले.  एनॉकने घरी येऊन समोरची ताटली बाजूला सारली.

“घालायला सांगतात तर घाल ना लोखंड,” इडा म्हणाली. “त्यात जीव काय जाळायचा?”

“तीस वर्षं काढत आलोय मी ते. एकेक तोळा.”

“माझी आईही तीस वर्षं वजन उतरवत होती. एका नाताळात सगळं परत आलं. ती काही अशी जेवण टाकून बसली नाही.”

“तुझ्या आईवर साठ माणसांची पोटं नव्हती.”

“तू बघितलंस ना तिला,” इडा म्हणाली आणि ताटली परत त्याच्यापुढे सरकवली.

तेव्हा ठोकळे भरले. बाकांखाली, सामानाच्या खणात, जिथे जागा मिळेल तिथे. माणसं ते वाहत होती आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत नव्हती. एरवी ह्या शेडमध्ये कुणी बाहेरून आत लोखंड नेताना दिसला असता तर त्याला हाक मारून जाब विचारला गेला असता. पोकळ नळ्यांवर ठेवलेल्या फळ्या वाकल्या म्हणून नळ्या भरीव केल्या. भरीव नळ्यांनी आणखी वजन वाढलं. गाडी काट्यावर आणली नाही. तसं कुणी ठरवलं नव्हतं, पण तिला तिकडे ढकलायला कुणीच पुढे झालं नाही.

दुसऱ्या चाचणीला तीच मंडळी आली, डॉर्कससकट. तिला बोलवायला स्वतः रुपर्टला जावं लागलं होतं. विनलोच्या केबिनमध्ये दिवा असा लागला, की जेबेझने खिडकीतून टोपी हलवली. वाटेतल्या प्रत्येक स्टेशनात तो लागला. मिस्टर स्ट्रेचींनी चष्मा पुसला, आणि रुपर्टने एनॉकच्या पाठीवर थाप मारली. मग परतताना हॅगची चढण आली. गाडी अर्ध्यावर गेली, तिचा आवाज जाड झाला, मग खोल झाला, आणि ती थांबली. बसचं इंजिन होतं ते. साडेदहा टनांसाठी घेतलेलं. ड्रायव्हरने ब्रेक लावला आणि मागे न बघता बसून राहिला.

गाडी मागे सोडत नेऊन दोनदा धाव घेतली, दोन्ही वेळा ती चढणीतल्या त्याच पुलापाशी येऊन थबकली. तिथे एक गाय कुंपणातून डोकं काढून बघत होती. शेवटी एनॉकनेच सुचवलं, की मंडळींनी कृपा करून चढण संपेपर्यंत खाली उतरावं. मंडळी उतरली. गाडी रिकामी, म्हणजे चार टन लोखंड घेऊन, डौलात वर गेली. मागून पाद्री, नगरसभा आणि मिस्टर स्ट्रेची चिखलातून चढत होते.

“मागच्या वेळी मी उतरले की गाडी दिसत नव्हती,” डॉर्कस झगा सावरत म्हणाली. “आता मी उतरल्याशिवाय चालत नाही. एनॉक टनिक्लिफ, तुझं माझ्याशी काही वैर आहे का?”

 एनॉक स्ट्रेचींच्या शेजारून चालत होता, आणि आता बोललंच पाहिजे असं त्याला वाटत होतं.

“साहेब, माणसं घेऊन चढणारी गाडी मी तुम्हाला दिली होती,” तो म्हणाला. “आणि तुमच्या दिव्याला दिसणारीही दिली. दोन्ही एकदम हवं असेल तर मला मोठं इंजिन घालू द्या. सांगाडा बदलतो. वसंतापर्यंत वेळ द्या.”

“ते फार वाजवी आहे, मिस्टर टनिक्लिफ,” स्ट्रेची धापा टाकत म्हणाले. “पण मग ती गाडी दुसरीच होईल, नाही का?”

ते खरं होतं. गाडी फार हलकी आहे हे जेबेझने धिरडी खाण्याआधीच सांगितलं होतं. एनॉकने तेव्हा नुसतं ऐकलं असतं तरी पुरलं असतं. एक जड इंजिन, एक जाड सांगाडा, आणि आराखड्यापेक्षा जास्त भरलेला काटा. धिरड्यांचा एक दिवस हुकला असता.

नाताळच्या आधी रुपर्टने त्याला आपल्या खोलीत बोलावलं आणि बसायला सांगितलं. लेडशमकडे फोरमनला बसायला सांगत नसत, तेव्हा एनॉक उभाच राहिला.

“ऑर्डर मिळाली,” रुपर्ट म्हणाला. “बाराच्या बारा.”

“कुठल्या गाडीची?”

“जड. पंधरा टन, मोठं इंजिन. लँकेशरमध्ये एक कारखाना आहे, त्यांच्याकडे तसा सांगाडा तयार आहे. ते बांधून देतील. रेल्वेचा करार आपल्याशी, नाव आपलं.”

“सगळी गाडी ते बांधणार?”

“सगळी.”

“आणि आपण काय करायचं, मिस्टर रुपर्ट?”

रुपर्टने खिडकीतून अंगणाकडे पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. आजोबांच्या कंपनीचं नाव बुडू द्यायचं नाही असा त्याने मनाशी पण केला होता, आणि तो पण तो पाळत होता. नाव खरंच बुडत नव्हतं. तो म्हणाला, की पाटी आपली लागेल. पितळेची, ‘लेडशम, विनलो’. ती नीट लागली की नाही हे बघायला आपला एक माणूस तिथे हवा, तसं करारातच घातलंय, आणि तो माणूस एनॉक असावा अशी त्याची इच्छा आहे. बाकीच्यांना नाताळच्या सुट्टीनंतर येऊ नका असं सांगावं लागेल. शेड कॅरव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढायची घरं, बांधणारे कुणी घेताहेत, ते काही सुतार ठेवतील.

एनॉक म्हणाला, विचार करतो. त्याने दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाला, कारण छप्पन्नाव्या वर्षी त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि रेलकार बांधणारी दुसरी कंपनी पंचक्रोशीत नव्हती. म्हणजे तशी आता पहिलीही नव्हती.

लँकेशरमध्ये तो बारा वेळा गेला. तिथली माणसं भली होती, त्याला चहा देत, आणि पाटी लावायची वेळ आली की स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात देऊन बाजूला उभी राहत, अंत्ययात्रेत राहतात तशी. गाडी भक्कम होती. तिच्या दाराच्या मुठी एवढ्या जाड होत्या, की एकीतून लेडशमच्या तीन झाल्या असत्या. एकदा त्याचा हात सवयीने कानावरच्या खडूकडे गेला. तिथल्या फोरमनने विचारलं, काही हवंय का? एनॉक म्हणाला, नाही.

वसंतात त्यातली एक विनलो लाइनवर आली. पहिल्या शनिवारी सगळं गाव तिच्यात बसून ऑक्सेजच्या बाजाराला गेलं आणि संध्याकाळी परत निघालं. इडाने एनॉकला बळेबळे नेलं होतं. गाडी स्टेशनांतून दिवे लावत चालली होती. कॅरव्हॅनवाल्यांनी न घेतलेले लेडशमचे दोघे जोडारी मागच्या बाकावर होते. त्यांनी एनॉकला मान लववली आणि मग बाहेर बघत बसले. डॉर्कस क्लूली भाजीची पिशवी मांडीवर घेऊन समोर बसली होती, आणि फार प्रसन्न होती.

“हिला म्हणतात गाडी,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “कशी रुळाला धरून बसलीय. आधीची ती पत्र्याची डबी होती. एनॉक, मागचं सगळं माफ केलं बघ मी तुला. सुंदर काम केलंस.”

“ही मी बांधली नाही, डॉर्कस.”

“ऐका! दारावर पाटी आहे ना तुमची?”

“पाटी मी लावली. बाकी लँकेशरमध्ये बांधली. तिचा एक बोल्टसुद्धा विनलोचा नाही.”

“बघा, हा असा माणूस आहे,” पलीकडून नगरसभेचे सदस्य म्हणाले. “आम्ही असतो तर छाती फुगवून सांगितलं असतं.”

एनॉकने तिसऱ्यांदा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, की आपला कारखाना बंद आहे, तुम्हाला ठाऊक आहे तो बंद आहे, आणि बंद कारखान्यात गाडी बांधता येत नाही. त्यावर सगळ्यांनी कौतुकाने माना डोलावल्या. चॅपलमध्ये कुणी दोषाची कबुली देतं तेव्हा डोलावतात, तशा. हॅगची चढण आली आणि गाडीने ती एकही उसासा न टाकता घेतली. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि एनॉककडे बघून सगळेच वाजवू लागले. मागच्या बाकावरचे दोघे तेवढे वाजवत नव्हते.

चढणीच्या पलीकडे एक लहान थांबा होता. तिथून विनलो शेतांतून चालत जाता येईल इतकं जवळ होतं. गाडी थांबल्यावर एनॉक उठला, टोपी घातली आणि ‘इथेच उतरतो’ म्हणाला. इडा उतरली नाही. तिच्या पायांना एवढं चालणं झेपत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला गाडी आवडली होती.